शितावरून भाताची परीक्षा

भंडारा जिल्हा हा तांदुळाचा जिल्हा, तेव्हां येथील गृहिणीस स्थालीपुलाकन्याय शिकविण्याची आवश्यकता नाहीं. पातेल्यांतील एक शीत चिमटींत दाबून सगळा भात शिजला कीं नाहीं हें ती सांगते. ज्यास हल्लीं पाहणी किंवा सर्वेक्षण म्हणतात, तें शास्त्र ह्याच न्यायावर उभें आहे. आमच्या वाचकांच्या घरांतील कितीतरी सुना, लेकी व पुतणे आज महिला मंडळांत, वाचनालयांत, सेवासंस्थांत अथवा पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत अशा पाहण्या करितात, श्रमानें आंकडे जमवितात आणि त्यांचें प्रसिद्धिपत्रक वर्तमानपत्रांकडे धाडतात. त्यांतील पुष्कळ पत्रकें संपादकाच्या केराच्या टोपलींत जातात. तीं कां जातात आणि काय केलें असतां जाणार नाहींत, ह्याचा विचार ह्या वेळीं करावयाचा आहे.

ज्या पाहणीची दखल वर्तमानपत्रें आवर्जून घेतात, असें एक उदाहरण आपल्या डोळ्यांपुढें आहे. माधव चव्हाण व फरीदा लांबे यांनीं मुंबईंत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘प्रथम’ ही संस्था स्थापिली. ह्या संस्थेच्या पुढाकारानें २००५ सालापासून ‘असर’ ह्या नांवानें ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची देशव्यापी पाहणी होत आली आहे. जिल्ह्यांतील तीस गांवें व प्रत्येक गांवांतील वीस घरें, निवडणाराची मर्जी चालूं न देतां, ठरलेल्या रीतीनें घ्यावयाचीं. आणि स्वयंसेवकानें घरीं जाऊन एकेका मुलास अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा व दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास द्यावयाची, असा तिचा क्रम आहे. पाहणी शाळेंत न करतां घरीं करितात, ह्यांत मर्म आहे. शाळेंत न आलेलें किंवा शाळा सोडलेलें मूलहि त्यामुळें मोजलें जातें. भात ढवळून मग शीत काढावें, तसें हें आहे.

२०२२ सालच्या पाहणींत सुमारें सात लक्ष मुलें होतीं. अहवालांत कोष्टकें पुष्कळ; परंतु वाचकाच्या मनांत ठसेल असें वाक्य एकच होतें. पांचवींतील शंभर मुलांपैकीं दुसरीची गोष्ट वाचूं शकणारीं २०१८ सालीं ५०.५ होतीं, तीं ४२.८ वर आलीं. हें वाक्य समजण्यास कोश उघडावा लागत नाहीं. त्यांत मागील आंकड्याशीं तुलना आहे. शाळा बंद राहिल्याचें कारण सर्वांनीं स्वतः अनुभविलेलें आहे. आणि कोणत्याहि घरांत पांचवींतल्या नातवापुढें दुसरीचें पुस्तक ठेवून त्याचा पडताळा घेतां येतो. वार्ताहरास हवी असते ती अशी वस्तु.

आतां हेंच आपल्या जिल्ह्यांत आणूं. कोहळी समाजानें पूर्वकाळीं बांधलेले तलाव हें भंडाऱ्याचें वैभव. मालगुजारी १९५१ सालीं संपली, बहुतेक तलाव सरकारकडे गेले, आणि माजी मालगुजारी तलाव ह्या नांवाचा संक्षेप होऊन ते ‘मामा तलाव’ झाले. समजा, लाखनी तालुक्यांतील एखाद्या वाचनालयाच्या तरुणांनीं असे चाळीस तलाव हिंडून पाहिले व अठ्ठावीस गाळानें उथळ झालेले आढळले. आपल्याकडील रूढ पत्रकाचा आरंभ होतो तो अमुक मंडळाच्या विद्यमानें, तमुक महोदयांच्या अध्यक्षतेखालीं, दीपप्रज्वलनानें. गाळ येतो तिसऱ्या पानावर, आणि तोंपर्यंत वाचणारा दुसऱ्या पत्रकाकडे वळलेला असतो. त्याऐवजीं पहिलेंच वाक्य असें असावें: लाखनी तालुक्यांत पाहिलेल्या चाळीस तलावांपैकीं अठ्ठावीस गाळानें उथळ झाले आहेत. येथें शेंकडा सत्तर म्हणूं नये. चाळीस ही संख्या लहान आहे, ती उघड दिसूं द्यावी. दुसऱ्या वाक्यांत धानाच्या शेतीवर झालेला परिणाम सांगावा. मग एका शेतकऱ्याचे, त्याच्या अनुमतीनें, दोन शब्द. मग पाहणी कोणीं, कोणत्या तारखांस, कशी केली, उथळ कशास म्हटलें व खर्च कोणीं सोसला. आणि शेवटीं दूरध्वनी खात्रीनें उचलील अशा एका माणसाचा क्रमांक. एवढें एका पानांत बसतें. तलावांची गांववार यादी सोबत जोडावी, कारण वार्ताहरास आपल्या वाचकाच्या गांवाचें नांव हवें असतें. पत्रक नागपुरास धाडण्यापूर्वीं भंडाऱ्याच्या वार्ताहरास द्यावें, आणि तें उन्हाळ्याच्या आरंभीं द्यावें. तलाव भरल्यावर गाळाची वार्ता कोण वाचणार?

लक्ष वेधण्याचा दुसरा, अधिक सोपा मार्गहि आहे, आणि त्यापासून आम्ही वाचकांस सावध करूं इच्छितों. ‘असर’चाच आंकडा घ्या. शेंकडा ४२.८ मुलें दुसरीची गोष्ट वाचतात, ह्याचा ‘शेंकडा ५७ मुलें निरक्षर’ असा मथळा करणें अगदीं सोपें आहे, व अगदीं खोटें आहे. उरलेल्यांत पहिलीचा उतारा वाचणारीं मुलें आहेत, सुटे शब्द वाचणारींहि आहेत. शिवाय हा आंकडा सरकारी व खाजगी शाळांचा मिळून आहे. तो केवळ जिल्हा परिषदेच्या शाळांच्या माथीं मारणें अन्याय होय. जिल्ह्यांत सहाशें घरें पाहिलीं तर त्यांत पांचवींतील मुलें थोडींच सांपडणार; त्यांवरून एखाद्या तालुक्याचा, किंबहुना एखाद्या शाळेचा, निकाल लावतां येत नाहीं. शिक्षकी पेशांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस ह्या भेदाची किंमत ठाऊक आहे. असा मथळा वाचून बाप मुलाचें नांव गांवच्या शाळेंतून काढतो, पट घटतो, पट घटला कीं शिक्षक कमी होतो, आणि ज्याच्या बापास खाजगी शाळेची फी परवडत नाहीं, तें मूल तेवढें मागें राहतें.

संख्या मोठी म्हणजे पाहणी खरी, हाहि एक भ्रम आहे. १९३६ सालीं अमेरिकेंतील ‘लिटररी डायजेस्ट’ ह्या साप्ताहिकानें अध्यक्षीय निवडणुकीच्या अंदाजासाठीं सुमारें एक कोटि मतपत्रिका टपालानें धाडल्या. वीस लक्षांहून अधिक परत आल्या, आणि लँडन निवडून येणार असें भाकीत झालें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं अठ्ठेचाळीसपैकीं सेहेचाळीस राज्यें जिंकलीं. नांवें बहुतांशीं दूरध्वनीच्या व मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतलेलीं, म्हणजे शीत वरच्या थराचें. आणि उत्तरें आलीं तींहि ज्यांस उत्साह होता त्यांचींच. भ्रमणध्वनीवर आप्तेष्टांच्या समूहांत प्रश्नावली फिरवून आलेल्या उत्तरांस ‘महाराष्ट्राचें मत’ म्हणणारे आजचे तरुण हीच चूक करितात. योग्य रीतीनें निवडलेल्या चारशें माणसांच्या पाहणींत साधारणतः शेंकडा पांच, व हजारांच्या पाहणींत शेंकडा तीन, इतका फरक इकडेतिकडे संभवतो. तेव्हां चारशें जणांस विचारून गतवर्षापेक्षां दोन टक्के वाढ दिसली, तर ती वार्ता नव्हे.

‘असर’च्या २०२४ सालच्या पाहणींत सरकारी शाळांतील पांचवीच्या मुलांचा हाच आंकडा २०२२ च्या ३८.५ वरून ४४.८ वर गेला. ज्या मोजपट्टीनें घट सांगितली तिनेंच वाढहि सांगावी, ह्यांत पाहणी करणाराची पत आहे. वार्ताहराचें लक्ष एकदां ओढणें फारसें अवघड नाहीं. पुढील वर्षीं त्याच मंडळाचें पत्रक त्यानें विश्वासानें उघडावें, हें अवघड आहे. म्हणून पत्रक धाडण्यापूर्वीं तें घरांतील एका वडीलधाऱ्या माणसास व एका शाळकरी मुलास वाचून दाखवावें, आणि काय कळलें तें विचारावें. दोघांनीं एकच वाक्य सांगितलें, आणि तें सोबतच्या कोष्टकांत जसेंच्या तसें सांपडलें, तर पत्रक खुशाल धाडावें.