अजून एक सेल्फ मारून बघा!

जुन्या गाड्यांविषयी गहिवरून बोलणाऱ्या माणसांचा मला अलीकडे राग येऊ लागला आहे. पूर्वी नुसता कंटाळा येत असे. लग्नाच्या पंगतीत (आता बुफेच्या रांगेत म्हणायला हवं) हातात प्लेट धरून एखादे गृहस्थ सुरू होतात, "आमच्या वेळची गाडी म्हणजे गाडी हो! तिचा स्वभाव ओळखावा लागे. आताच्या पोरांना काय, बटण दाबलं की चालली!" मग आसपासची पोरं ओशाळून हसतात आणि आपल्या आयुष्यात काहीतरी मोठं राहून गेलं असं त्यांना उगीचच वाटायला लागतं. त्या पोरांच्या वतीनं चार शब्द सांगावेत म्हणून हा लेखनप्रपंच. पोरांनो, काहीही राहून गेलेलं नाही. जे राहून गेलं त्याचं नाव कार्बोरेटर, आणि ते राहून गेलं हे फार चांगलं झालं.

मुळात यंत्राला स्वभाव असावाच कशाला? स्वभाव असलेली माणसं घरात काय कमी असतात? सकाळी उठून त्यांचे मूड सांभाळायचे, आणि मग खाली येऊन गाडीचाही सांभाळायचा! पंख्याचा स्वभाव ओळखावा लागला तर आपण तो दुरुस्तीला टाकतो. गाडीचा ओळखावा लागला की मात्र तिच्यावर प्रेम करतो. हा न्याय मला आजवर कळलेला नाही.

आता रोग काय होता ते सांगतो. पेट्रोलच्या इंजिनाला एक भाग पेट्रोलमागे वजनानं सुमारे पंधरा भाग हवा लागते. आज हा हिशेब गाडीतला छोटा संगणक ठेवतो आणि पेट्रोल मोजून मापून फवारतो. पूर्वी तो कार्बोरेटर ठेवी. कार्बोरेटरची हिशेबाची पद्धत साधारण गल्लीतल्या वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी: गिऱ्हाईक रोजचं असेल आणि हवा बरी असेल तोवर सगळं जुळतं. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सकाळी सुरू करताना मिश्रण अंमळ दाट लागे. त्यासाठी चोक. चोक ओढला की कार्बोरेटरच्या तोंडावरची एक झडप हवेची वाट अरुंद करी आणि पेट्रोलचं प्रमाण वाढे. बी.कॉम.च्या भाषेत सांगायचं तर ही तात्पुरती उचल. इंजिन लागलं की लगेच परत करायची. पण चोक ओढलेलाच ठेवला आणि वर कुणी अ‍ॅक्सिलरेटर दाबून सोड, दाबून सोड केलं, तर प्रत्येक दाबाला कच्च्या पेट्रोलची एकेक पिचकारी आत जाई. स्पार्क प्लग ओले होत. ओल्या प्लगमधून ठिणगी पडेना. झालं! टाकी भरलेली, बॅटरी ताजी, आणि इंजिन मात्र पेट्रोलात बुडून बसलेलं. याला मेकॅनिक लोक 'फ्लड झालं' म्हणत.

आणि इथेच आपल्या मध्यमवर्गीय डोक्याची गाडी अडते. पेट्रोल संपलं म्हणून बंद पडलेली गाडी आपल्याला तत्काळ समजते. पेट्रोल जास्त झालं म्हणून बंद पडलेली गाडी काही केल्या समजत नाही. आपण वाढलोच मुळी टंचाईत. पोर रडतं, भूक लागली असेल. झाड वाळलं, पाणी घाला. परीक्षेत नापास झाला, अजून एक क्लास लावा. कशाचं तरी अजीर्ण झालं असेल, ही शंकासुद्धा आपल्याला शिवत नाही. मग गाडी अडली की 'अजून द्या' यापलीकडे सल्ला निघणार कुठून?

वास्तविक औषध अगदी सोपं होतं. चोक आत ढकला. अ‍ॅक्सिलरेटर सावकाश तळापर्यंत दाबा आणि दाबूनच धरा, पंप करू नका. हवेची वाट सताड उघडते, साचलेलं पेट्रोल निघून जातं. मग काही सेकंद सेल्फ मारा, थांबा, पुन्हा मारा. हेही नको असेल तर दुसरं औषध त्याहून सोपं: दहापंधरा मिनिटं काहीच करू नका. प्लग आपोआप वाळतात. पण काहीच न करणं ही गोष्ट आमच्याकडे फक्त कचेरीत जमते, रस्त्यावर जमत नाही.

१९९९ सालच्या डिसेंबरातली सकाळ सांगतो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, लायसन्स नवंकोरं. गाडी वडिलांनी सेकंडहँड घेतलेली, वयानं माझ्या पाठच्या भावंडासारखी. मी ती अर्धी गल्लीत आणि अर्धी रस्त्यावर आणली आणि ती बंद पडली. पाठीमागे दुधाचा टेम्पो. मला गाडी शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं की असं झालं तर चोक आत टाकून स्वस्थ बस. मी चोक आत टाकला आणि स्वस्थ बसलो. अर्ध्या मिनिटात सहा माणसं जमली.

पहिले आले ते समोरचे निवृत्त काका. त्यांच्याकडे जन्मभर सायकल. ते म्हणाले, "अरे बसलायस काय? चोक ओढ!" मी म्हटलं, "काका, फ्लड झालीय." ते म्हणाले, "तेच म्हणतो मी, चोक ओढ!" इस्त्रीवाल्यानं खिडकीत डोकं घालून पेट्रोलचा काटा पाहिला आणि "पेट्रोल तर हाय की," असं सगळ्यांना जाहीर केलं. दुधाच्या टेम्पोवाल्याचं मत, "पाच-सहा येळा रेस मारा, मग सेल्फ." एकानं तर ओलं फडकं आणून पेट्रोलच्या पंपावर ठेवलं. आता ओलं फडकं हा उन्हाळ्यातला इलाज. मे महिन्यात खंबाटकी किंवा कसारा चढताना नळीतलं पेट्रोल तापून त्याची वाफ होई आणि पुढे पेट्रोलच येईना, तेव्हा पंप गार करायला ओलं फडकं. म्हणजे अगदी उलटा रोग. पण सल्लागाराला रोगाशी कर्तव्य नसतं. त्याला एक औषध ठाऊक असतं, आणि ते त्याला कुणाला तरी द्यायचं असतं.

गलका ऐकून वडील खाली आले. परिस्थितीचं एक नजरेत आकलन करून म्हणाले, "तू उतर."

मी उतरलो. मग वडिलांनी बॉनेट उघडलं. आत सगळ्यांनी आळीपाळीनं डोकावलं. काकांनी वायरी हलवून पाहिल्या. टेम्पोवाल्यानं तंबाखू मळली. वरून आईनं विचारलं, चहा पाठवू का. या सगळ्यात पंधरा मिनिटं गेली. मग वडिलांनी बॉनेट लावलं, सीटवर बसले, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"बघ!" काका मला म्हणाले. "हात लागतो त्याला!"

हे मी हसवण्यासाठी लिहीत नाही, फिर्याद म्हणून लिहितो आहे. त्या पंधरा मिनिटांचं श्रेय आजवर कुणीही पंधरा मिनिटांना दिलेलं नाही. ते शेवटच्या हाताला गेलं. गाडीचा स्वभाव ओळखणाऱ्यांची जी पिढी आज बुफेच्या रांगेत उभी राहून बोलते आहे, तिची निम्मी कीर्ती अशाच पंधरा मिनिटांतून जमा झालेली आहे. आमच्या काउंटरवरही हे रोज चालतं. धनादेश वटायला लागायचा तो वेळ लागतोच, पण तो वटतो त्या दिवशी जो खातेदार येऊन आरडाओरडा करतो, त्याला वाटतं आपल्या आवाजानं वटला. मग पुढच्या वेळी तो आल्या आल्याच ओरडतो.

मी पुरुष आणि त्यातून हट्टी, म्हणून निभावलं. माझी आतेबहीण माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवायची. लायसन्सची परीक्षा पहिल्या फटक्यात पास, मला दोनदा द्यावी लागली होती. २००१ साली तिची गाडी अशीच एका चौकात सिग्नलला ओली होऊन बसली. मुलाभोवती सहा जमतात तर मुलीभोवती बारा. त्यातल्या एकानं तिला न विचारता दार उघडलं आणि "ताई, तुम्ही उतरा" म्हणून स्वतः सीटवर बसला. गाडी यथावकाश सुरू झाली, कारण ती होणारच होती. टाळ्या त्या माणसाला मिळाल्या. बहिणीनं घरी येऊन किल्ली खिळ्याला अडकवली. पुढे तिचं लग्न झालं, दारात एकामागून एक तीन गाड्या आल्या, शेवटच्या गाडीला तर क्लचसुद्धा नाही. पण ती अजून शेजारच्या सीटवर बसते. तिच्यासमोर कुणी "आमच्या वेळची गाडी" असं सुरू केलं की ती ताटातलं संपवून हात धुवायला उठते.

असो. तर ते कार्बोरेटर गेले. २००० सालाच्या आगेमागे प्रदूषणाचे नियम कडक झाले, चारचाकीत फ्युएल इंजेक्शन आलं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यावर बहुतेक स्कूटरी-मोटारसायकलींनीही कार्बोरेटरला निरोप दिला. मुंबईत २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी, वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा केवढे उसासे निघाले! टॅक्सीवाल्याला वाईट वाटलं तर मी समजू शकतो. त्यानं तिच्यावर संसार केला. पण उसासे टाकणाऱ्यांत मागच्या सीटवर बसून मीटर पाहणारेच जास्त होते. थंडीत चोक ओढायला त्यांना कुणी कधी उठवलं होतं?

गंमत पुढेच आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला, तर संगणक ओळखतो की आत पेट्रोल जास्त झालं असावं, आणि तो फवारणी बंद ठेवतो. नुसती हवा आत घेतो. म्हणजे यंत्राला जे शिकवता आलं ते आमच्या गल्लीला शिकवता आलं नाही.

मला वाटलं होतं, रोग गेला तसे वैद्यही जातील. पण नाही. ते पावसाळ्यापर्यंत दबा धरून बसले होते. आता गाडीत पेट्रोलाचा पूर येत नाही, पाण्याचा येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हजारो गाड्या बुडाल्या आणि काही माणसं बंद गाड्यांत गुदमरून गेली. त्या दिवसाविषयी विनोद करायचा नाही. पण तेव्हापासून दर पावसाळ्यात कुठे ना कुठे गाड्या पाण्यात जातातच, आणि पाणी ओसरलं की प्रत्येक गाडीभोवती तेच सहा जण उभे असतात. सल्लाही तोच, "एकदा सेल्फ मारून बघा ना!"

पेट्रोलच्या वेळी हा सल्ला नुसता मूर्खपणाचा होता. फार तर बॅटरी उतरे. पाण्याच्या वेळी तो घातक आहे. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना इंजिन फिरवलं, तर पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका किल्लीच्या झटक्यात इंजिनाचं काम निघतं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी पुरवणी आधीच घेतलेली असावी लागते, आणि ती 'कशाला उगीच' म्हणून खोडायला सांगणाराही त्या सहांपैकीच एक असतो. कर्जखात्याच्या टेबलावर मी दोन पावसाळे काढले. हप्ता चालू आणि गाडी बंद, असे चेहरे तिथे पाहिले आहेत. सगळे पंचविशी-तिशीतले. प्रत्येकाचं वाक्य एकच, "सगळे म्हणाले म्हणून मारला हो."

गेल्या जुलैत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री सीटपर्यंत पाणी चढलं. सकाळी उतरलं. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा आपल्या गाडीपाशी उभा होता. पहिलीच गाडी, पाच महिन्यांची. भोवती मंडळ जमलेलं. तळमजल्याचे आजोबा म्हणत होते, "अरे, मारून तर बघ, कळेल तरी!" मुलाचा हात किल्लीकडे गेला होता. मी म्हटलं, "किल्ली दे माझ्याकडे." त्यानं दिली. ती मी शर्टाच्या खिशात टाकली, वॉचमनची खुर्ची ओढली आणि गाडीला टेकून बसलो.

"काय काका, काय करताय?" एकानं विचारलं.

"काही नाही."

"मग बसलाय का?"

"त्यासाठीच."

साडेचार वाजता क्रेनवाला आला. त्यानं बॉनेट उघडलं, एअर फिल्टर बाहेर काढला. तो चिंब झाला होता. ओठ आवळून त्यानं मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "सेल्फ मारला होता का कुणी?"

"नाही," मुलगा म्हणाला.

"मग होईल," असं म्हणून तो पट्टे बांधायला वाकला. आजोबा तोवर तीन नंबरच्या गाडीपाशी पोचले होते.