घामाचा दाम आणि लिलावाचा हातोडा

नाणी जमविणारे एखादे पोर प्रत्येक वस्तीत असतेच. भोकाचा पैसा, कंगोऱ्याचे दहा पैसे, आजीने गाठोड्यात जपलेला राजाच्या तोंडाचा रुपया असे काहीबाही डबीत घालून ते मोठ्या ऐटीने पाहुण्यांपुढे मांडते. वडील म्हणतात, "याने काय पोट भरणार आहे?" आई म्हणते, "राहू द्या हो, वाईट नाद तर नाही ना!" आज आम्ही या नादाविषयीच बोलणार आहोत. मात्र आपल्या डबीतल्या नाण्यांविषयी नव्हे. ग्रीस, कार्थेज आणि रोम येथील दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची नाणी आज लंडन, झुरिच, न्यूयॉर्क येथे लिलावात विकली जातात, त्यांच्याविषयी. आपण कामकरी माणसे, आपला त्या लिलावाशी काय संबंध, असे कोणी विचारील. वाचकहो, संबंध आहे. शेवटपर्यंत वाचा म्हणजे तो आपोआप ध्यानात येईल.

२९ ऑक्टोबर २०२० रोजी लंडनच्या एका लिलावात सोन्याचे एक रोमन नाणे विक्रीस आले. इ.स.पू. ४४ च्या मार्च महिन्यात ज्युलियस सीझरचा खून झाला. खून करणाऱ्यांत ब्रुटस होता. त्याने दोन वर्षांनी आपल्या सैन्यासाठी हे नाणे पाडले. एका बाजूला ब्रुटसचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर आणि त्यांच्या मधोमध एक साधी टोपी. खाली खुनाच्या दिवसाचे नाव. ही टोपी कसली? रोममध्ये मालकाने गुलामाला मुक्त केले की तो गुलाम अशी टोपी घाली. ब्रुटसला जगाला सांगायचे होते की, आम्ही रोमला गुलामीतून सोडविले.

वा रे मुक्तिदाता! याच ब्रुटसने सायप्रस बेटावरील सॅलॅमिस शहराला आपल्या हस्तकांमार्फत दरसाल शेकडा ४८ व्याजाने कर्ज दिले होते. वसुलीसाठी त्याच्या माणसाने घोडेस्वार नेऊन तिथल्या पंचांना सभागृहात कोंडले आणि त्यांतले पाच जण उपाशी मेले. हे सिसेरोच्या पत्रांत लिहिलेले आहे. तेव्हा नाण्यावर काय कोरले आहे एवढेच पाहून चालत नाही, कोरणारा कोण होता तेही पाहावे लागते.

आता लिलावाची रीत पाहा. लिलाव करणारी कंपनी आधी यादी छापते. यादीत प्रत्येक नाण्याचे चित्र, वजन, झीज किती, छाप मध्यावर बसला आहे की सरकला आहे, पूर्वी ते कोणाच्या संग्रहात होते, हे सारे देतात. शेजारी अंदाजी किंमत असते. मग ठरल्या दिवशी बोली सुरू होते. पूर्वी लोक सभागृहात हात वर करीत वा टपालाने बोली कळवीत, आता घरबसल्या संगणकावरूनही बोलतात. बोली थांबली की हातोडा पडतो. परंतु हातोड्याचा भाव हा शेवटचा भाव नव्हे! त्यावर कंपनीचे कमिशन चढते. या ब्रुटसच्या नाण्याचा अंदाज होता पाच लाख पौंड. हातोडा पडला २७ लाखांवर. त्यावर शेकडा २० कमिशन धरून घेणाऱ्याला ते ३२ लाख ४० हजार पौंडांना पडले. म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने तीस कोटी रुपयांच्या वर. अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे असे ते नाणे!

पुढे काय झाले? नाणे जुन्या खाजगी संग्रहातून आले असे सांगणारा कागद त्याच्यासोबत होता. तो कागदच खोटा निघाला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीच्या मालकाला न्यूयॉर्क येथे अटक झाली. मार्चमध्ये ते नाणे ग्रीस देशाला परत करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये मालकाने कोर्टात गुन्हा कबूल केला. आपल्याकडे म्हणतात, आपलेच नाणे खोटे. इथे नाणे अस्सल होते, खोटा होता तो कागद, आणि त्याच्यामागची माणसे.

आता थोडे मागे जाऊ. हे चांदी-सोने आधी कोणाच्या हातून गेले? लिलावाच्या यादीत राजे, देव आणि देवी यांची नावे असतात. कष्ट करणाऱ्याचे नाव नसते. म्हणून ते आम्हांला सांगावेसे वाटते.

अथेन्सचे घुबडाचे नाणे सर्वांत प्रसिद्ध. चांदीचे, सुमारे १७ ग्रॅम वजनाचे, चार द्रख्मा किमतीचे. ती चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतून येई आणि खाणीत राबत ते गुलाम. निकियास नावाच्या एका धनिकाने आपले एक हजार गुलाम खाणीच्या ठेकेदाराला माणशी रोज एक ओबोल भाड्याने दिले होते. सहा ओबोल म्हणजे एक द्रख्मा. राबणारा अंधाऱ्या बोगद्यात, आणि भाडे मालकाच्या पेटीत. अथेन्सच्या टेकडीवर एरेख्थियन नावाचे देवालय बांधले गेले, त्याचे इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यांत नागरिक, परगावचा कारागीर आणि गुलाम, तिघांची मजुरी सारखीच, रोज एक द्रख्मा. काम सारखे, दाम सारखा. पण गुलामाचा दाम जाई मालकाकडे.

कार्थेजची गोष्ट तर मुळातच पगाराची आहे. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचे हे व्यापारी शहर लढाईसाठी भाडोत्री सैनिक ठेवी. घोडा आणि खजुराचे झाड असलेली त्यांची सिसिलीतील चांदीची नाणी मुख्यतः या सैनिकांना देण्यासाठीच पाडली गेली. काहींवर "छावणीच्या लोकांचे" अशा अर्थाची अक्षरे आहेत. इ.स.पू. २४१ मध्ये कार्थेज रोमकडून हरले. तिजोरी रिकामी झाली आणि सैनिकांचा पगार थकला. आज देतो, उद्या देतो, थोडे कमी घ्या, अशी बोलणी सुरू झाली. गिरणीच्या फाटकाशी थकलेल्या पगारासाठी बसलेल्यांना हे बोलणे नवे वाटणार नाही! सैनिकांनी बंड केले. त्यांच्या पुढाऱ्यांत स्पेंडियस नावाचा पळून आलेला गुलाम होता. आसपासचे लिबियन शेतकरीही त्यांना मिळाले, कारण युद्धाच्या काळात त्यांच्याकडून अर्धे पीक करापोटी उचलले होते आणि कर न देणाऱ्यांना तुरुंगात घातले होते. त्या शेतकऱ्यांच्या बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून बंडाच्या खर्चाला दिले, असे पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार सांगतो.

त्या बंडखोरांनी काय केले? कार्थेजचीच नाणी घेतली आणि त्यांच्यावर पुन्हा आपला छाप मारला. त्यावर ग्रीक अक्षरांत लिहिले "लिबुओन", म्हणजे लिबियन लोकांचे. काही नाण्यांवर खालचा जुना छाप अजून पुसट दिसतो. तीन वर्षांच्या वर चाललेले ते बंड अखेर फार क्रूरपणे चिरडले गेले. बंडखोरांनी स्वतः लिहिलेले आपल्यापर्यंत आले ते एवढेच, नाण्यावरचे शब्द. असे नाणे लिलावात येते तेव्हा यादीत त्याला एक क्रमांक असतो आणि एक भाव. पण तो एका थकलेल्या पगाराचा पुरावा आहे, हे आपण विसरू नये.

रोमचा दिनार सर्वांना ऐकून ठाऊक आहे. सम्राट ऑगस्टसच्या काळी पायदळाच्या शिपायाला वर्षाला २२५ दिनार मिळत. पुढे सम्राटांनी नाण्यातली चांदी कमी करीत नेली, आणि तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर तर चांदीच्या नावाखाली चांदीचा मुलामा दिलेले तांबेच लोकांच्या हाती आले. महागाई भडकली. इ.स. ३०१ मध्ये डायोक्लेशियन बादशहाने भाव बांधून दिले. त्यात शेतमजुराची मजुरी जेवण धरून रोज २५ दिनार आणि न्हाव्याला एका माणसामागे २ दिनार. आकडा वाढला, पण पोट तेवढेच भरले की कमी, हे घर चालविणाऱ्या भगिनींना आम्ही सांगायला नको.

या नादात फसवणूकही जुनीच. जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. १८३० साली तो वारला. प्राचीन नाण्यांचे ठसे तो इतके हुबेहूब कोरी की मोठमोठे जाणकार फसत. नवे नाणे जुने दिसावे म्हणून तो ती नाणी तेलकट लोखंडी कीस भरलेल्या पेटीत घालून पेटी घोडागाडीच्या खाली बांधी आणि गाडी खडबडीत रस्त्याने फिरवी. म्हणे, "म्हाताऱ्यांना फिरवून आणतो!" साध्या फसव्यांची नाणी मात्र ओतीव असतात. त्यांच्या कडेला साच्याची जोडरेघ आणि अंगावर बारीक छिद्रे दिसतात, कारण खरी नाणी बहुधा ठसा ठोकून पाडलेली असत.

आता एक चांगली गोष्ट सांगतो. एप्रिल २०१० मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ एका शेतात एका माणसाला धातुशोधक यंत्राने खूण मिळाली. हा माणूस कोणी विद्वान वा धनिक नव्हे, रुग्णालयातला आचारी. थोडे उकरल्यावर मातीच्या रांजणाचे तोंड आणि रोमन नाणी दिसली. त्याने मोह आवरला, खड्डा बुजवला आणि पुराणवस्तूवाल्यांना कळविले. त्यांनी येऊन थर मोजत ती नाणी काढली. भरली किती? ५२,५०३ नाणी, वजन सुमारे १६० किलो!

थर मोजल्यामुळे काय कळले पाहा. कोणी वर्षानुवर्षे बचत करीत रांजणात टाकली असती तर सर्वांत नवी नाणी वर सापडली असती. पण त्यांतल्या नव्या राजाची, कॅरॉसियसची, बहुतेक नाणी खालच्या अर्ध्यात निघाली. म्हणजे सारी एकाच वेळी ओतली गेली होती. म्हणून काही अभ्यासकांना वाटते की ही कुणा एकाची लपविलेली पुंजी नव्हे, सबंध गावाने मिळून केलेला नवस असावा. तो आचारी हावरेपणाने ती गोळा करून एकेक विकत बसला असता तर ही गोष्ट कायमची मेली असती. पुढे तिथल्या संग्रहालयाने ती ३,२०,२५० पौंडांना घेतली. रक्कम शोधणारा आणि शेतमालक यांना कायद्याने मिळाली. प्रामाणिकपणाने नुकसान होते असे कोण म्हणतो?

याच्या उलट एक गोष्ट, आणि ती आपल्या जिव्हाळ्याची. ज्या राजाचे नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला दिले, तो भदंत नागसेनांना प्रश्न विचारणारा मिलिंद हा ग्रीक राजा मिनँडर. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्टी लिपीत प्राकृत शब्द आहेत: "महाराजस त्रातारस मेनंद्रस". अशी नाणी अफगाणिस्तान आणि पंजाबकडे सापडतात. १९९२ च्या सुमारास अफगाणिस्तानात मीर झका येथे एका जुन्या विहिरीत नाण्यांचा प्रचंड साठा लागला. देशात यादवी होती, पाहणारा कोणी नव्हता. लाखो नाणी उकरली गेली आणि पोत्यांनी पेशावरच्या बाजारात पोचली. तिथून ती जगभर पांगली. कोणत्या थरात कोणते नाणे होते, कोणासोबत कोणते होते, आता कोणी सांगू शकणार नाही. मिलिंदाच्या काळाविषयी किती प्रश्नांची उत्तरे त्या पोत्यांबरोबर गेली असतील!

म्हणून आमचे सांगणे एवढेच. हा नाद वाईट नाही. रोमच्या उत्तरकाळातली झिजलेली तांब्याची नाणी परदेशी लिलावात ढिगाने अगदी स्वस्तात निघतात. श्रीमंत त्यांच्याकडे पाहत नाहीत, पण भाजी-भाकरीच्या बाजारात फिरली ती हीच. परंतु कोणतेही प्राचीन नाणे घेताना "केवढ्याला?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "आले कोठून?" जुन्या लिलावाच्या छापील यादीत त्याच नाण्याचे चित्र असेल तर उत्तम. १९७० साली सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला, त्याआधीची नोंद असेल तर जाणकार तिला विशेष मान देतात. उत्तर मिळत नसेल तर नाणे कितीही देखणे असो, हात मागे घ्यावा.

आणि आपल्याकडे विहीर खणताना, घराचा पाया काढताना काही सापडले तर? १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास कलेक्टरला कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. तेव्हा सोनाराकडे वितळवायला नेऊ नये, आणि दारावर आलेल्या दलालाच्या हाती तर मुळीच देऊ नये.

राहिली आपल्या पोराची डबी. ती फेकू नका. त्याला एक वही आणून द्या. कोणते नाणे कोणी दिले, कोणत्या तारखेला, ते देणाऱ्याने कोठून आणले, हे त्याला त्यात लिहू द्या. आजीच्या रुपयापुढे लिहायला सांगा, हा कोणाच्या मजुरीतला, कोणत्या कामाचा. ३२ लाख पौंडांच्या नाण्यापाशी जो खरा कागद नव्हता, तो या डबीपाशी असेल.