छोटू दादाचा डॉन : हसतं सगळं खान्देश, पण गावाचं मत मोजतं कोण?

जळगाव / धुळे : चोर, पोलीस, गल्लीतला डॉन, नकली पिस्तूल, पैशांची बॅग आणि शेवटी सगळ्यांची मिळून धुलाई. एवढ्या सामानावर मालेगावचा छोटू दादा गेली कित्येक वर्षं खान्देशातल्या खेड्यांना हसवतोय. रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला गेलेला शेतकरी बांधावर बसून तेच बघतो, एसटीची वाट बघणारा कॉलेजचा पोरगा तेच बघतो, आणि घरात जेवत नसलेल्या लेकराच्या हातातही तेच असतं.

बघतात सगळे. पण हा डॉनचा खेळ गावाला खरंच कसा वाटतो, आणि गावाचं मत पुढचा व्हिडिओ बनवणाऱ्यापर्यंत पोहोचतं का, हे कोणी विचारत नाही. पिक्चर चालला की पडला हे टॉकीजच्या तिकीटबारीवर कळायचं. मोबाईलवर ते गणित बदललंय, आणि त्याचा परिणाम खान्देशच्या कलाकारांवर, अहिराणीवर आणि घरातल्या पोरांवर होतोय.

छोटू दादा आला कुठून?

मालेगाव कागदावर नाशिक जिल्ह्यात आहे, पण धुळ्याला चिकटलेलं आहे आणि बाजार, नाती, बोली खान्देशाशी जोडलेली आहेत. यंत्रमागाचं हे गाव पिक्चरचं वेडं. शुक्रवारी माग बंद, म्हणून शुक्रवारी टॉकीज भरलेली, ही तिथली जुनी रीत.

याच गावात शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. ना स्टुडिओ, ना मोठा कॅमेरा, कलाकार सगळे गावातलेच. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. त्यात सुपरमॅन झालेले शफीक शेख हे यंत्रमाग कामगार होते आणि नंतर कॅन्सरने गेले. हा सुपरमॅन कसा बनला, यावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट काढला. २८ फेब्रुवारी २०२५ ला रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी पिक्चर देशभर लागला, तो याच मंडळींच्या गोष्टीवर.

छोटू दादा म्हणून ओळखला जाणारा शफीक वेगळा. तो उंचीने लहान, आणि तो ओळखला जातो मोबाईलवरच्या छोट्या विनोदी पिक्चरमुळे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, नेट स्वस्त झालं, आणि सीडीवर फिरणारी मालेगावची कॉमेडी यूट्यूबवरून गावोगाव पोहोचली. 'छोटू दादा ट्रॅक्टरवाला', 'छोटू के गोलगप्पे' यांसारखे व्हिडिओ कोट्यवधी वेळा बघितले गेलेत. त्यांच्या नावातच 'खान्देश' असतं, त्यामुळे खान्देश कुठे आहे हे ठाऊक नसलेला बिहार-यूपीचा माणूसही हा शब्द ओळखू लागलाय.

गाव का हसतं?

पहिलं कारण साधं आहे. यातला डॉन बंगल्यात राहत नाही, गल्लीत राहतो. गाडी म्हणजे ट्रॅक्टर नाहीतर जुनी मोटारसायकल. अड्डा म्हणजे पडकं घर. मारामारी होते ती बाभळीखाली. मुंबईच्या पिक्चरमधला गुंड बघताना गाव दुरून बघतं. इथला गुंड म्हणजे आपल्याच गावचा उधारी बुडवणारा वाटतो.

दुसरं कारण जास्त खोल आहे. आकाराने सगळ्यात लहान माणूस सगळ्यात मोठ्या आवाजात बोलतो आणि धिप्पाड माणसं त्याच्यापुढे गप्प बसतात. ज्याला तलाठ्याकडे, बँकेत, मार्केट कमिटीत रोज मान खाली घालून उभं राहावं लागतं, त्याला हा उलटा खेळ आवडणारच.

हे नवीनही नाही. तमाशाच्या वगात सोंगाड्याने कोतवालाची फिरकी घेतली की खान्देशातली माणसं रात्र रात्र बसायची. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके यांनी हवालदार रंगवला, आणि १९७५ मध्ये त्यांनीच 'पांडू हवालदार' काढला. त्यातही पोलीस होता, तस्करी होती आणि हसू होतं. पुढे महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या 'थरथराट' (१९८९) आणि 'धडाकेबाज' (१९९०) यांनी मारामारी आणि विनोद एकत्र आणला. 'पांडू हवालदार'ला मान म्हणून २०२१ च्या डिसेंबरमध्ये भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांचा 'पांडू' आला. चोर-पोलिसाचा विनोद मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेला आहे. छोटू दादाने तो पंधरा-वीस मिनिटांत बसवला आणि मोबाईलवर आणला, एवढंच.

आणि गाव नाक कुठे मुरडतं?

टपरीवर, पारावर, कापूस वेचताना ऐकू येणाऱ्या तक्रारीही ठरलेल्या आहेत.

एक, गोष्ट तीच ती. बॅग हरवते, दोन टोळ्या मागे लागतात, शेवटी थपडा. चार व्हिडिओ बघितले की पाचव्याचा शेवट आधीच कळतो.

दोन, हसू कशावर? छोटू दादा हुशारीने समोरच्याला गंडवतो तेव्हा हसणारा त्याच्या बाजूने असतो. पण त्याला उचलून फेकलं की हसणं त्याच्या उंचीवर होतं. हा फरक मोठ्यांना कळतो, लेकरांना नाही. वर्गात एखादं पोर उंचीने कमी असलं की त्याचं नाव लगेच 'छोटू दादा' पडतं. ज्याला ते नाव पडतं, त्याला ते विनोदी वाटत असेलच असं नाही.

तीन, बाया कुठे आहेत? असल्या तरी भांडायला, नाहीतर ज्यावरून भांडण होतं ती म्हणून. डॉनच्या गोष्टीत बाई हुशार दाखवली तर विनोद कमी होत नाही. 'पांडू हवालदार'मधली उषा चव्हाण यांची पारू केळेवाली लोकांना आजही आठवते.

चार, पिस्तूल आणि 'भाईगिरी'. टॉकीजला लागणाऱ्या पिक्चरला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. २०२४ च्या नव्या नियमांत तर पालकांना कळावं म्हणून यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे वयाचे भाग केलेत. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओला असं प्रमाणपत्र लागत नाही. तिथे आईबापच सेन्सॉर बोर्ड, आणि ते शेतात असतात.

व्ह्यूज म्हणजे मत नव्हे

टॉकीजमध्ये माणूस खिशातून पैसे काढून जायचा. आवडलं तर शिट्टी, नाही आवडलं तर उठून बाहेर. मालकाला दुसऱ्या दिवशी रिकाम्या खुर्च्या दिसायच्या.

मोबाईलवर तसं नाही. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. आई स्वयंपाकात असते आणि लेकरू तोच व्हिडिओ सात वेळा लावतं. ३१ मार्च २०२५ पासून तर यूट्यूबने छोट्या शॉर्ट्सची मोजणीच बदलली. शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किती वेळ बघितला याची अट नाही. म्हणजे अंगठ्याने वर ढकलता ढकलता दिसलेलंही 'बघितलं' झालं.

बरं, मत लिहावं म्हटलं तरी अडचण आहे. लहान मुलांसाठी म्हणून टाकलेल्या व्हिडिओखाली २०२० पासून कॉमेंट बंद असतात आणि त्यावर माणूस बघून दाखवायच्या जाहिरातीही लागत नाहीत. नियम मुलांच्या भल्याचा आहे. पण त्यामुळे आईबापाला 'हे दाखवू नका' असं त्या व्हिडिओखाली लिहिता येत नाही.

मग बनवणाऱ्याला गावाचं मत कळतं कशातून? आकड्यातून. किती वेळ बघितलं, कुठे सोडलं, कोणत्या राज्यात चाललं. थपडेच्या सीनला आकडा वर गेला की पुढच्या व्हिडिओत थपडा वाढतात. गावाने 'तेच तेच दाखवतात' म्हणायचं आणि तेच तेच बघत राहायचं, यात दोष एकट्या बनवणाऱ्याला देता येत नाही.

अहिराणी मागे का पडते?

याच आकड्यांमुळे भाषा ठरते. नाव खान्देशचं, पण बोलणं बहुतेक हिंदीत, खान्देशी हेल असलेल्या. कारण उघड आहे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार नोंदले गेले, त्यात बहुतेक अहिराणीवाले. हिंदी बोलणारे त्याच जनगणनेत ५० कोटींच्या वर. जाहिरातीच्या पैशावर चालणारा माणूस कोणत्या बाजारात माल नेणार? केळी उत्पादकाला जवळच्या बाजारापेक्षा दिल्लीचा भाव परवडतो, तसंच हे.

यूट्यूबकडून जाहिरातीचा वाटा सुरू व्हायलाही अट आहे : १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलेलं असणं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शिरपूर, पारोळा, साक्री, चाळीसगावच्या पोरांनी अहिराणीत चोर-पोलिसाची कॉमेडी काढायची म्हटली, तर पहिली अडचण इथेच येते.

पण अहिराणी चालतच नाही असंही नाही. 'हाई झुमका वाली पोर' हे गाणं खान्देशाबाहेर, अहिराणीचा एक शब्द न कळणाऱ्यांनीही लग्नात वाजवलं. गाण्यात जे झालं ते विनोदात होणार नाही असं कोणी सांगावं? अट एकच, घरच्यांनी आधी पूर्ण बघितलं पाहिजे.

टॉकीजला का जात नाही?

'एवढं आवडतं तर टॉकीजला जा' म्हणणाऱ्यांनी हिशोब बघावा. उदाहरण म्हणून चौघांचं घर घ्या. तिकीट १०० रुपये धरलं तर ४०० झाले. तालुक्याला जायचं एसटी भाडं ४० रुपये धरलं, तर नवऱ्याचे ४०, बाईला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट म्हणून २०, दोन लेकरांचे अर्ध्या तिकिटाने ४०. एका बाजूचे १००, येऊन-जाऊन २००. खाणं-पिणं २०० धरलं तर ८०० रुपये गेले, आणि दोघांचा रोज बुडाला तो वेगळा.

सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के कायम आहे. स्वस्त तिकिटाच्या टॉकीजला हा आधार खरा, पण बऱ्याच गावांत टॉकीजच उरलं नाही. कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे गोडाऊन, कुठे कॉम्प्लेक्स. बंद दाराला कर कमी करून काय उपयोग?

खोटा डॉन आणि खरा चोर

टॉकीज नाही म्हणून नवीन पिक्चर 'फुकट' शोधला जातो, आणि इथे खरा गुन्हा घडतो. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर 'फुल मूव्ही' नावाने लिंक येते. दाबली की एक फाईल, नावाच्या शेवटी 'एपीके' असलेली, मोबाईलमध्ये घ्यायला सांगतात. पिक्चरची फाईल कधीच एपीके नसते. एपीके म्हणजे ॲप. ते आत गेलं आणि मागेल ती परवानगी दिली, की बँकेचे मेसेज आणि ओटीपी दुसरीकडे जाऊ शकतात. पडद्यावरचा चोर बॅग विसरतो, हा विसरत नाही.

पैसे गेलेच तर लाजून बसू नये. लगेच १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावं. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. आणि टॉकीजमध्ये पिक्चर मोबाईलवर शूट करून पसरवणं हाही गुन्हा आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे.

मग गावाने करायचं काय?

गावाचं मत आता तिकिटात नाही, अंगठ्यात आहे. म्हणून ते वापरायला शिकावं लागेल. आवडलेलं मूळ चॅनेलवरच बघावं. कोणी उचलून दुसऱ्या नावाने टाकलेलं बघितलं तर कलाकाराला छदाम मिळत नाही. कॉमेंट उघडी असेल तिथे दोन ओळी लिहाव्यात, अहिराणीत लिहिल्या तर आणखी बरं. नको असेल तर 'रस नाही' हे बटन दाबावं, नुसत्या शिव्या देऊन पुढचं बघू नये. लेकराच्या हातात मोबाईल देताना आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारी सोय बंद करावी.

छोटू दादाने आणि त्याच्याआधी शेख नासिर यांच्या मंडळींनी एक गोष्ट करून दाखवली आहे. दंगल आणि स्फोटांच्या बातम्यांनी ज्या मालेगावचं नाव घेतलं जायचं, त्याच गावाच्या नावावर आज धुळे-जळगावची खेडी जातपात न विचारता हसतात. ही कमाई लहान नाही. तिच्यात अहिराणी बोलणारा हवालदार आणि डॉनला गंडवणारी एखादी हुशार बाई आली, तर खान्देशाला ती नको असेल असं वाटत नाही. पण ते आल्यावर गावाने ते अर्ध्यात सोडून पुढे ढकललं, तर आकडा तेवढंच सांगेल : चाललं नाही.