आईबापांना कोणी टाकले?

जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारी आपल्या अनेक चर्चमधून एक सोहळा पार पडतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली हा रविवार आजीआजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन म्हणून ख्रिस्तसभेला दिला. पवित्र मारियेचे मातापिता संत योआकीम व संत अन्ना यांच्या सणाच्या आसपास तो येतो. मिस्सा संपली की पिकल्या केसांची माणसे वेदीसमोर ओळीने बसवली जातात, शाल व श्रीफळ दिले जाते, छायाचित्र निघते. प्रवचनातून, भाषणातून आणि पुढे आपल्या नियतकालिकांच्या पानांतूनही मग एकच सूर लागतो. पूर्वी घरे भरलेली होती, ओसरीवर आजोबा होते, चुलीपाशी आजी होती, संध्याकाळी सारे घर एकत्र जपमाळ म्हणत होते. आता मुलांची मने आटली आणि त्यांनी आईबापांना टाकले.

हा सूर मुंबई-पुण्यात आणि वसईत कितपत खरा आहे हे तिथल्या वाचकांनी ठरवावे. बीड जिल्ह्यापुरते माझे म्हणणे स्पष्ट आहे. येथे तो खोटा आहे. आणि ज्यांना उद्देशून तो लावला जातो, त्यांच्यावर तो अन्याय करणारा आहे.

त्या रविवारी चर्चच्या मागच्या रांगांत तिशी-चाळिशीची जी जोडपी मान खाली घालून हे प्रवचन ऐकत असतात, ती दसरा-दिवाळी झाली की गावात दिसत नाहीत. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील कोणत्याही वाडी-वस्तीवर नाताळच्या सुमारास जाऊन पाहा. निम्म्याहून अधिक दारांना कुलपे दिसतील. उघड्या दारांत म्हातारा, म्हातारी आणि एखाददुसरे शाळकरी नातवंड असेल. मधली पिढी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून ऊसतोडीला गेलेली असते. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर आणि थेट कर्नाटकापर्यंतचे कारखाने या माणसांच्या हातांवर चालतात. ही माणसे मार्च-एप्रिलमध्ये परततात. आगमनकाळ, नाताळ, पुष्कळदा उपवासकाळ, आणि ज्या थंडीत म्हाताऱ्या माणसांचा दमा व सांधे सर्वांत जास्त छळतात तो काळही त्यांच्यावाचून जातो.

हे टाकणे आहे का? आधी हिशेब मांडू. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात. दोन जिवांना मिळून एका अवजाराचे नाव आहे, यातच पुष्कळसे आले. पावसाळ्यात मुकादम या कोयत्याला ‘उचल’ देतो. ती लाखाच्या घरात जाते आणि हंगामात ऊस तोडून फेडायची असते. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांचा संघ व कामगार संघटना यांच्यात तडजोड होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला ३६६ रुपये असा दर ठरला. एक कोयता पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबला तर दिवसाला दोनेक टन ऊस तुटतो. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये झाले. एक लाखाची उचल या दराने फिटायला १३७ दिवस लागतात. पाऊस, आजारपण, मोडलेली गाडी आणि मधल्या खर्चाला घेतलेले पैसे यात धरलेले नाहीत. हंगाम तेवढे दिवस चाललाच नाही तर उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. कामावर न गेलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात. खाड्याची मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापला जातो.

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माता अशाच एका जानेवारीत वारली. शेजाऱ्यांनी मुलाला फोन केला तेव्हा तो फडात होता. मुकादमाची परवानगी, बदली माणसाची सोय, वाटखर्चाची उसनवारी हे सगळे उरकून तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला, तेव्हा माती देऊन झाली होती. रात्रभर तो दाराशी बसला आणि पहाटेच्या गाडीने परत गेला. त्याची बायको येऊच शकली नाही. कबरस्थानातून परतताना आमच्यापैकीच एक सद्गृहस्थ म्हणाले होते, “असली मुले असण्यापेक्षा नसलेली बरी.” मी ते ऐकले आणि गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज मला अद्याप वाटते. हा लेख म्हणजे त्या सद्गृहस्थांना उशिरा दिलेले उत्तर समजावे.

आता आठवणींविषयी. वार्धक्य म्हणजे आठवणींचा काळ, असे आपण नेहमी लिहितो; पण आपल्या लेखांतील आठवणींना ओसरी असलेले घर लागते. वर्षाचे सहा महिने गावात आणि सहा महिने कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या आठवणींना आपल्या पानांवर जागा मिळाल्याचे मला स्मरत नाही. त्यांच्याजवळ बसलो की कळते, त्यांची कालगणनाच निराळी आहे. थोरला कोणत्या कारखान्यावर जन्मला, धाकटीला कोणत्या फडात ताप भरला, बैलगाडी जाऊन ट्रॅक्टर कोणत्या साली आला, अशा खुणांनी ते आयुष्य मोजतात. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याचे काम आणि सुकडी त्यांना कालच्यासारखी आठवते. एक आजोबा मला म्हणाले, “घर म्हणजे काय, ते आम्ही पावसाळ्यात पाहायचो.” हे काव्य नव्हे. त्यांनी वस्तुस्थिती सांगितली.

आणि या आठवणी सांगायच्या कोणाला? कौटुंबिक स्मृती टिकते ती जेवणानंतरच्या गप्पांत, हिवाळ्याच्या शेकोटीभोवती, सणाच्या आदल्या रात्री. नेमक्या त्या रात्री सांगणारे एकीकडे आणि ऐकणारे दुसरीकडे असतात. हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळे काही मुलांची शाळा सुटत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या मुलांना रात्री उशाशी घेण्याचे, त्यांच्या तापाला जागण्याचे काम सत्तरीच्या आजीकडे येते. जिला आधार हवा, तीच आधार होते. गोष्ट सांगायला तिच्यात त्राण उरत नाही. आपण मात्र जुलैमध्ये तिला शाल पांघरून विचारतो, “आजी, जुने दिवस कसे होते?”

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की उचल घेतातच कशाला? लग्नात उधळतात, दारूत घालवतात. हे सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ऐपतीबाहेरची लग्ने होतात, दारूने घरे बुडाली आहेत, आणि मुलगी मागे ठेवण्याच्या भीतीपोटी तिचे लग्न कोवळ्या वयात लावण्याचे पापही घडते. पण उचल औषधपाण्याला जाते, बियाण्याला जाते, मागच्या वर्षीची बाकी भागवायला जाते. बालाघाटच्या या कोरडवाहू माथ्यावर पाऊस दगा देतो आणि हिवाळ्यात हाताला काम नसते. ज्याच्यापुढे उपासमार आणि उचल एवढे दोनच रस्ते आहेत, त्याने उचलीचा रस्ता धरला म्हणून त्याला नीतीचे धडे देऊ नयेत. नामीच्या कुटुंबाने दुष्काळात बेथलेहेम सोडून मवाबाची वाट धरली, तेव्हा शास्त्राने त्यांना कुलबुडवे ठरवलेले नाही. बेथलेहेम या नावाचा अर्थच मुळी भाकरीचे घर. त्या घरातली भाकर संपली म्हणून माणसे निघाली. रूथची निष्ठा आपण विवाहाच्या प्रवचनात उद्धृत करतो. पण ती निष्ठा परक्याच्या शेतात सरवा वेचूनच सिद्ध झाली, हे विसरतो.

दुसरा आक्षेप असा, की वृद्धांसाठी सरकार आहे, कायदा आहे. आहे खरा. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला आणि त्यांना सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. पण मुलगा आईपासून दूर राहिल्यावाचून जो धंदा चालतच नाही, त्या धंद्याकडे हा कायदा पाहत नाही. राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ साली हजारावरून दीड हजार रुपये झाले. त्यासाठी वय ६५ हवे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, दरवर्षी हयातीचा दाखला हवा. कावड वाहणाऱ्या पुत्राचे नाव या योजनेला आहे, आणि ती कावड तहसीलच्या पायऱ्यांवरून म्हाताऱ्यानेच स्वतः वाहायची आहे. कारण कागद भरून देणारा मुलगा फडात असतो.

शिवाय वार्धक्य येथे ६५ ची वाट पाहत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसून आले. फडात पाणी नाही, आडोसा नाही, दुखण्याला विश्रांती नाही, खाड्याचा दंड मात्र आहे. अशा स्थितीत स्त्रिया चाळिशीच्या आत म्हाताऱ्या होतात. त्या कोणत्या रविवारी आजी म्हणून गौरवल्या जाणार?

आता आपल्याविषयी. येशूने परूश्यांना ‘कुर्बान’ शब्दावरून फटकारले, तो प्रसंग संत मार्कच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात आहे. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांचा ढोंगीपणा त्याने उघडा केला. आपल्या धर्मग्रामातून वार्षिक यात्रेचा मंडप, रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, चर्चची रोषणाई यांवर जो खर्च होतो, त्यातला किती नाताळच्या आठवड्यात कुलूपबंद वस्तीवरच्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचतो? आपणही ‘कुर्बान’ म्हणून मोकळे होत नाही ना? १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न ख्रिस्तसभेसमोर मांडला. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी तेच नाव मुद्दाम धारण केले. ती शिकवण आपल्या फडापर्यंत कधी यायची?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. दसऱ्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने मागे राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी आणि प्रत्येक घरामागे दोन माणसे नेमावीत. आठवड्यातून दोनदा पाणी, सरपण व औषध पाहावे, निवृत्तिवेतनाचा कागद भरून द्यावा. बीड ज्यात मोडते तो आपला औरंगाबाद धर्मप्रांत आणि कारखान्यांच्या मुलखातील पुणे व नाशिक धर्मप्रांत यांनी आपसात नावे कळवावीत, म्हणजे नाताळला तिथले धर्मगुरू कोपीवर जाऊन मिस्सा अर्पण करू शकतील. मृत्यू घडल्यास मुलाला व सुनेला येण्याजाण्याचा खर्च आणि खाड्याचा दंड धर्मग्रामाच्या निधीतून मिळावा; आणि आईबापाच्या मरणाचा खाडा धरू नये, ही मागणी आपण कामगार संघटनांच्या बरोबरीने जाहीरपणे करावी. वह्या घेऊन आपली तरुण मुले या वृद्धांकडे बसावीत, त्यांनी सांगितलेले लिहून घ्यावे आणि फडातून परतलेल्या लेकरांना पाडव्यानंतर वाचून दाखवावे. ज्या घरात सांगणारा व ऐकणारा यांची गाठ पडत नाही, तेथे लिहिणाऱ्याने मध्ये उभे राहावे.

आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा मुलांना आहेच. पण ती आज्ञा पाळता येईल एवढी मजुरी आणि एवढी रजा देणे हे ज्यांच्या हाती आहे, त्यांनाही ती लागू आहे. आणि त्यांच्या कारखान्याची साखर चहात घालून वृद्धदिनाची भाषणे करणाऱ्या आपल्यालाही.

येत्या जुलैत सत्कार जरूर करावा. फक्त त्या दिवशी मागच्या रांगेतल्या जोडप्यांना पुढे बोलवावे आणि आईबापांना टाकल्याचा आरोप आपण त्यांच्यावर विनाकारण केला, हे वेदीसमोर उभे राहून कबूल करावे. मग दसऱ्याला ती निघतील तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्यांची किल्ली कोणाकडे द्यायची, हे त्यांना ठाऊक असेल.