टाकी आत्ताच तपासा, पेशंट दिसल्यावर नको

राजूरकरांनो, 2025 च्या उन्हाळ्यातली काविळीची साथ एवढ्यात विसरलो? पाण्यातून येणारी कावीळ हिपॅटायटिस ए नाहीतर ई या विषाणूची. विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून पोटात. डोळे पिवळे व्हायला दोन ते सहा-सात आठवडे जातात. म्हणजे पहिला पेशंट दिसतो तोवर ते पाणी कधीच पिऊन झालेलं असतं. मग धावपळ करून टाकी धुवायची! (माळ घालणारे तर तयारच.) विषाणूवर अँटिबायोटिकही चालत नाही.

माझी मागणी एकच: टाकीजवळ नव्हे, गावातल्या शेवटच्या नळावर रोज ओटी टेस्ट करा. पाण्याला पिवळा रंग आला तरच क्लोरीन तिथवर पोचलंय. रोजचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. तोवर पाणी उकळूनच प्या.