आवाज फाटू द्या, पण समजून!

गणपतीच्या दिवसांत भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून जाताना एक अनुभव तुम्ही नक्की घेतला असेल. लाउडस्पीकरवर गाणे चालू असते. कोणीतरी उत्साही कार्यकर्ता आवाजाची खुंटी आणखी पिळतो. आता गाणे मोठे व्हायला हवे; पण ते मोठे होत नाही, ते फाटते! गायकाच्या सुरेल आवाजाला करकरीत कडा येतात आणि आपण कानांवर हात ठेवतो.

आवाज फाटला म्हणजे नेमके काय झाले? अँप्लिफायरला, म्हणजे प्रवर्धकाला, मिळणाऱ्या विद्युतदाबाला मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडे त्याला लाट उंचावता येत नाही. मग गोल माथ्याच्या लाटेचा शेंडा छाटला जातो आणि तिचे माथे सपाट होते. पाठ्यपुस्तके याला विरूपण म्हणतात आणि दोषांच्या यादीत टाकतात. गंमत अशी की, जगभरचे गिटारवादक हाच दोष पैसे मोजून विकत घेतात. पायाने दाबायची एक छोटी धातूची डबी ते गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये जोडतात. तिचे नाव ओव्हरड्राइव्ह पेडल.

विद्यार्थी मित्रांनो, आणि शिक्षक मित्रांनो, माझे आजचे सांगणे सरळ आहे. ही डबी विकत घेऊ नका, स्वतः बांधा. तुम्हाला गिटार येते की नाही, हा प्रश्न गौण आहे. नववीपासून बारावीपर्यंतच्या भौतिकशास्त्राचा इतका मोठा भाग एका डबीत बसवणारा आणि चूक झाली तर कानांनाच सांगणारा दुसरा स्वस्त प्रयोग मला ठाऊक नाही.

सुरुवात गिटारपासून करू. विजेच्या गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक असतात आणि त्यांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा दाब फार थोडा असतो. हलक्या छेडीला २० मिलिव्होल्ट, जोराच्या छेडीला २०० मिलिव्होल्ट धरून चालू.

आता डबी उघडू. तिच्या मध्यभागी एक आयसी असते. टीएल ०७२ सारखी कोणतीही साधी ऑप-अँप चालते. ९ व्होल्टची बॅटरी दोन सारख्या रोधकांनी विभागून ४.५ व्होल्टचा मध्यबिंदू मिळवायचा आणि गिटारची लाट त्याच्या वर-खाली हलू द्यायची. आयसीच्या बहिर्गामी टोकापासून ऋण अंतर्गामी टोकाकडे एक रोधक परत आणायचा आणि त्या ऋण टोकापासून दुसरा रोधक, एका धारित्रासह, जमिनीकडे न्यायचा. पहिला रोधक ४७ किलोओहम आणि दुसरा ४.७ किलोओहम घेतला तर प्रवर्धन १ + ४७/४.७, म्हणजे ११ पट. पहिल्या रोधकाच्या जोडीला एकसरीत ५०० किलोओहमचा बदलता रोधक लावला, की खुंटी फिरवून तेच प्रवर्धन सुमारे ११७ पटींपर्यंत नेता येते.

इथपर्यंत झाला साधा प्रवर्धक. आता त्या परतीच्या रोधकाला समांतर असे दोन सिलिकॉन डायोड, एकमेकांच्या उलट दिशेने तोंडे करून, जोडा. सिलिकॉन डायोड सुमारे अर्ध्या व्होल्टपर्यंत जवळजवळ बंद असतो आणि ०.६ व्होल्टच्या आसपास झपाट्याने वाहू लागतो. ११ पट प्रवर्धनावर हलक्या छेडीचे २० मिलिव्होल्ट ०.२२ व्होल्ट होतात. डायोड झोपलेलेच राहतात आणि स्वर स्वच्छ निघतो. जोराच्या छेडीचे २०० मिलिव्होल्ट मात्र २.२ व्होल्ट होऊ पाहतात. डायोड जागे होतात, परतीची वाट मोकळी करून देतात आणि लाटेचे माथे दाबले जाते. म्हणजे हलक्या हाताला स्वच्छ सूर आणि जड हाताला फाटलेला. वादकाचे बोटच ठरवते की आवाज किती फाटावा. लाउडस्पीकरच्या बेशिस्त फाटण्यात आणि या फाटण्यात हाच फरक आहे.

डायोड तुम्हाला पुस्तकात भेटतो तो रेक्टिफायरच्या आकृतीत. त्याचा आलेख आपण काढतो, गुडघ्यासारखा वाकलेला भाग पेन्सिलीने दाखवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या डबीत तो गुडघा ऐकू येतो. सिलिकॉन डायोड काढून जर्मेनियमचे घाला. ते सुमारे ०.३ व्होल्टलाच जागे होतात. आवाज आणखी लवकर फाटेल, पण लहान होईल. मग तिथे दोन लाल एलईडी घाला. त्यांना सुमारे १.८ व्होल्ट लागतात, म्हणून आवाज मोठा आणि बराच स्वच्छ राहील. तीन जोड्या बदलायला पाच मिनिटे पुरतात. त्या पाच मिनिटांत शिकलेला डायोडचा आलेख पुन्हा विसरला जाणार नाही, याची मी हमी देतो.

पण फाटलेला आवाज काहींना गोड का वाटावा? याचे उत्तर आपल्याच संगीतात आहे. ११० हर्ट्झचा स्वर षड्ज मानू. त्याच्या लाटेचे दोन्ही माथे सारखेच छाटले की तिच्यात नवे उपस्वर मिसळतात. ते मूळ वारंवारतेच्या विषम पटीत असतात: ३३०, ५५०, ७७० हर्ट्झ आणि पुढे. ३३० म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. ५५० म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गांधार. तंबोऱ्यासमोर बसलेल्यांना आता ओळख पटली असेल. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो आणि गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तोही पाचवा उपस्वरच आहे.

तंबोऱ्याचे हे उपस्वर फुलतात ते जवारीमुळे. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तार व घोडी यांच्यामध्ये सूत सरकवलेले असते. कंप पावणारी तार त्या माथ्याला टेकते, सुटते, पुन्हा टेकते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीचा अभ्यास मांडला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल, तो उपस्वर निघू नये, असा जुना नियम होता. तंबोऱ्याच्या तारेत तोही उपस्वर ठणठणीत ऐकू येतो, याकडे रामन यांनी लक्ष वेधले. आपल्या मिरजेचे कारागीर ही जवारी पिढ्यान् पिढ्या कानाने लावत आले आहेत. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या कसबाला.

तंबोऱ्यात घोडी जे करते तसेच काहीसे पेडलमध्ये डायोड करतो. दोघेही ‘जितके घालाल तितक्याच पटीत मिळेल’ हा सरळ रेषेचा नियम मोडतात आणि त्या मोडण्यातून नवे उपस्वर जन्माला येतात. म्हणून ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ आपल्या मुलांना कशाला?’ असे कोणी विचारले, तर त्याला तंबोऱ्याशेजारी बसवा.

पाश्चात्त्यांकडेही हे खूळ एका बिघाडातून आले. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे १९६० च्या सुमारास ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्राचा एक मार्ग बिघडला आणि बास गिटारचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ साली ते गाणे बाहेर आले आणि १९६२ साली तसा आवाज मुद्दाम काढणारी पेटी बाजारात आली. पुढे १९७७ साली जपानच्या बॉस कंपनीची ओडी-१ ही ओव्हरड्राइव्हची डबी निघाली. तिच्यात एका दिशेला एक आणि उलट दिशेला दोन डायोड होते. त्यामुळे लाटेचे दोन माथे असमान छाटले जात आणि सम पटींचे उपस्वरही मिसळत. हा फेरफार तुम्हालाही एक जादा डायोड घालून करता येईल.

आणखी एक प्रयोग जरूर करा. षड्ज आणि पंचम, म्हणजे ११० आणि १६५ हर्ट्झ, एकदम वाजवा. डायोड या दोन स्वरांच्या पटींच्या बेरजा आणि वजाबाक्या करतात. ५५, २२०, ३८५ असे जे काही निघेल, ते ५५ च्याच पटीत बसते, म्हणून नाद भरीव वाटतो. आता षड्जाबरोबर कोमल रिषभ, म्हणजे सुमारे ११७ हर्ट्झ, वाजवा. १०३, १२४ असे एकमेकांना खेटून बसलेले स्वर निघतात आणि नुसती घरघर ऐकू येते. स्वरसंवादाचे गणित यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

“अहो सर, हे सगळे मोबाइलवरचे अॅप फुकट करते!” असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण त्या अॅपमधला डायोड तुम्हाला चिमट्यात धरता येत नाही. मोबाइलचा उपयोग जरूर करा, पण मोजमापासाठी. फायफॉक्स या मोफत अॅपमध्ये ध्वनीचा वर्णपट दिसतो. त्यात ११०, ३३०, ५५० चे सुळके उभे राहिलेले पाहा आणि डायोड बदलल्यावर त्यांची उंची कशी बदलते ते वहीत नोंदवा. तुमची नोंद शेजाऱ्याच्या वहीशी जुळणार नाही, कारण तुमचे डायोड वेगळे आणि तुमचा हात वेगळा. जर्नलमधली निरीक्षणे उतरवून घेण्याच्या जुन्या रोगावर हे औषध आहे.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. धोट्याची खटखट बदलली की मागात कुठे बिघाड आहे हे जॉबर कानाने ओळखतो आणि पान्याने दुरुस्त करतो. त्याच गल्लीतली मुले माझ्या वर्गात येतात तेव्हा हातांत कसब असते, कानांत पारख असते. आणि आम्ही त्यांना सांगतो, ‘हात खाली ठेवा, व्याख्या पाठ करा.’ विज्ञान प्रदर्शनात मग बाजारातून आणलेले संच मांडले जातात. त्यातला कोणता भाग काय करतो हे विचारले की मुले शिक्षकांकडे पाहतात. कसब एकीकडे आणि सूत्र दुसरीकडे अशी ही फारकत आहे. दोष मुलांचा नाही. दोघांची गाठ पडेल असे काम आम्ही त्यांच्यापुढे ठेवत नाही. ही डबी तसे काम आहे.

खर्चाची धास्ती नको. सुटे भाग काही शे रुपयांत येतात. मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात तर सारे एका फेरीत मिळतील. गिटार नसेल तर घड्याळाच्या गजरात असते तशी पायझो चकती कोणत्याही तंतुवाद्याला, अगदी रबर ताणलेल्या डब्यालाही, चिकटवा. आधी ब्रेडबोर्डवर जोडा, मगच डाग द्या. शेवटी सगळे पत्र्याच्या डब्यात बसवा आणि डबा मंडलाच्या जमिनीला जोडा. उघड्या मंडलात आजूबाजूच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. मागांच्या शेजारी राहणाऱ्यांना ती लगेच ऐकू येईल. डब्याचे झाकण लावून ती किती कमी होते तेही पाहा.

तीन पथ्ये मात्र पाळा. डबीला फक्त बॅटरीच लावा, घरातील विजेच्या सॉकेटपासून तिला दूर ठेवा. डाग देताना खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा, कारण बहुतेक कथलात शिसे असते. आणि आवाज लहान ठेवा. लाट फाटण्यासाठी खोली हादरावी लागत नाही. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

शिक्षकांना एकच विनंती. या वर्षीच्या प्रदर्शनात अशा डबीसमोर मुलाला उभे करा आणि त्याला एकच प्रश्न विचारा: ‘हा डायोड काढला तर काय होईल?’ तो बोलू लागण्याआधी डायोड काढून दाखवेल, आणि मग ऐका म्हणेल. त्याला पूर्ण गुण द्या.