पहिला दिवस फुकट घालवा!

परवा एका साखरपुड्यात आत्यानं मला गाठलं. "न्यूझीलंडला गेला होतात ना मित्रमंडळी? मिलफर्ड साउंड केलं का?"

"नाही गं, ते राहिलं."

आत्याचा चेहरा असा झाला, जणू मी पंढरपूरला जाऊन विठोबाचं दर्शन न घेताच परत आले! "अगं, मग केलंत तरी काय?"

"झोपलो," मी खरं काय ते सांगून टाकलं. आत्याला वाटलं मी थट्टा करतेय. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात हा विषय घोळतोय आणि आज भांडायच्या मूडमध्ये मी लिहायला बसले आहे. नातेवाईक मंडळींनी रागावू नये. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

माझं पहिलं भांडण त्या 'केलं का?' शी आहे. आपण गावं बघत नाही, 'करतो'. युरोप केलं, काश्मीर केलं, आता न्यूझीलंड करायचं आहे. एकदा 'करायचं' ठरलं की मग किती दिवसांत किती केलं याचा हिशेब आला. त्यात परदेशात स्वतः गाडी चालवत फिरायची टूम निघाली की हा हिशेब नुसता हास्यास्पद राहत नाही, जिवावर बेततो. आमच्या बेतला होता. म्हणजे, थोडक्यात हुकला.

तर झालं असं. आम्ही चौघं, कॉलेजपासूनचे. नोव्हेंबरमधले दहा दिवस. साउथ आयलंड. प्लॅन एका मित्रानं बनवला, त्याला आपण एक्सेलराव म्हणू. रंगीत रकाने, तासातासाचा हिशेब. पहिल्या दिवशी सकाळी क्राइस्टचर्चला उतरायचं, गाडी घ्यायची आणि थेट टेकापो गाठायचं. सव्वादोनशे किमी, "तीन तास, किरकोळ!" दुसऱ्या दिवशी माउंट कुक बघून रात्री क्वीन्सटाउन. तिसऱ्या दिवशी मिलफर्ड साउंडला जाऊन परत, म्हणजे एका बाजूला जवळपास तीनशे किमी. हे वाचून आम्ही सगळ्यांनी 'मस्त!' म्हटलं होतं. मीसुद्धा. हे आधीच कबूल केलेलं बरं.

गाडी चालवणार होता दुसरा मित्र, आपला सारथी. मुंबई-कोल्हापूर रात्रीतून कितीदा गेला असेल त्याची मोजदाद नाही. करारात दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घालायचे रोजचे जादा पैसे होते. "मी आहे ना!" सारथी म्हणाला आणि आम्ही ते पैसे वाचवले. फार हुशार होतो आम्ही.

मुंबईहून मध्यरात्रीच्या सुमारास निघालो. सिंगापूरला दिवसभर खुर्च्यांवर लोळलो, मग पुन्हा रात्रभर विमान. क्राइस्टचर्चला उतरल्यावर बायोसिक्युरिटीवाल्यांना बेसनाचे लाडू, चिवडा, ट्रेकिंगचे बूट सगळं दाखवलं. (दाखवाच. तिथे खाण्याचा पदार्थ लपवला तर ४०० डॉलर दंड होतो.) सिम कार्ड, गाडीचे कागद, सामान... सगळं होऊन रस्त्याला लागलो तेव्हा बारा वाजले होते. घड्याळात. अंगातलं घड्याळ मुंबईचंच होतं, आणि मुंबईत तेव्हा पहाटेचे साडेचार वाजत होते! नोव्हेंबरात न्यूझीलंड आपल्या साडेसात तास पुढे असतं. घर सोडून बत्तीस तास झालेले, त्यात बसल्या बसल्या मिळालेली झोप चार-पाच तासांची. पण बाहेर लख्ख ऊन, स्वच्छ रस्ता आणि आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. माणूस फसणार नाही तर काय!

क्राइस्टचर्चच्या दक्षिणेला कॅंटरबरीचं मैदान आहे. सपाट. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या उंच भिंती, मधूनच गाई-मेंढ्या. राकायाचा पूल पावणेदोन किलोमीटरचा, तोसुद्धा सरळ! मागच्या सीटवर एक्सेलराव आणि चौथी मैत्रीण केव्हाच झोपले होते. मी पुढे सारथीच्या शेजारी. ॲशबर्टनपर्यंत त्याची बडबड चालू होती, मग थांबली. मी पाहिलं, त्याच्या पापण्या जड झाल्या होत्या. त्यानं एकदा मान झटकली, मग खिडकी उघडली, मग गाणी मोठी केली.

मी हे सगळं पाहिलं आणि गप्प बसले.

का? तर त्याला वाईट वाटेल. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला 'तुला झोप येतेय' असं कसं सांगायचं? शिवाय पुढे टेकापोचं बुकिंग, त्याचे पैसे परत मिळणार नव्हते. असा सगळा विचार मी केला आणि तेवढ्यात समोरून दुधाचा भलामोठा टँकर हॉर्न वाजवत आला. आमची गाडी मधली रेघ ओलांडून त्याच्या बाजूला गेली होती. सारथीनं दचकून गाडी डावीकडे घेतली, कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून टायर खर्रर्र करत गेले आणि गाडी सरळ झाली. टँकर गेला. मागचे दोघे जागे झाले. "काय झालं?" "काही नाही," सारथी म्हणाला.

काही नाही! तिथे गावाबाहेरच्या रस्त्यांवर वेगमर्यादा साधारण १०० किमी असते आणि बहुतेक ठिकाणी मध्ये दुभाजक नसतो. त्या वेगानं गाडी चार सेकंदांत एकशे दहा मीटर जाते. तेवढी डुलकी आपल्याला लागली होती हे लागणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

मी पहिल्यांदाच आवाज चढवला. "गाडी बाजूला घे." त्यानं घेतली, आणि दोन मिनिटांत स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला. आम्ही तिघं बाहेर गवतात उभे. एक्सेलरावांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आता सहाच्या आत टेकापो अवघड आहे." पंचवीस वर्षांच्या मैत्रीत मी त्याच्यावर इतकी कधीच ओरडले नव्हते. आणि खरं सांगू? त्यातलं निम्मं ओरडणं माझ्या स्वतःवरच होतं.

त्या दिवशी टेकापोला गेलोच नाही. सारथी तासाभरानं उठला, जेराल्डिनपर्यंत हळूहळू आलो, समोर दिसलेल्या पहिल्या मोटेलमध्ये खोल्या घेतल्या आणि संध्याकाळी सहाला लख्ख उजेडात झोपलो ते बारा तास. टेकापोचे पैसे गेले. पुढचा सगळा तक्ता एक दिवस घसरला आणि मिलफर्ड गळलं.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे न झोपता गाडी हाकणं हा पराक्रम समजला जातो. 'रात्रभर चालवत आलो, चहालासुद्धा थांबलो नाही' हे लोक कौतुकानं सांगतात आणि आपण कौतुकानं ऐकतो. 'दोन पेग घेऊन चालवत आलो' असं कुणी म्हटलं तर निदान हल्ली आपण नाक मुरडतो. पण फरक काय आहे? विल्यमसन आणि फेयर यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सतरा-एकोणीस तास जागं राहिलेल्या माणसांची काही चाचण्यांमधली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी किंवा त्याहून वाईट निघाली होती. न्यूझीलंडमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून मोठ्या माणसांसाठी दारूची मर्यादा नेमकी तीच आहे. सारथीच्या तोंडाला दारूचा वास आला असता तर मी त्याच्या शेजारी बसले असते का? मग जांभई चालते कशी?

तुम्ही म्हणाल, बोलायला सोपं आहे. रजा मोजकी, तिकिटं महाग, व्हिसाची कटकट, आयुष्यात एकदाच जाणार. सगळं मान्य. मलाही सारखी सारखी रजा मिळत नाही. पण दहा दिवसांतला एक दिवस म्हणजे एक दशांश. ही काटकसर करायची असेल तर ती शेवटून करा, सुरुवातीपासून नको. कुणी म्हणेल, मिलफर्डला क्वीन्सटाउनहून बसनं जाता येतं की! येतं. मग मुळातच तसा बेत करायला आपल्याला कमीपणा का वाटतो?

आणि पहिला दिवस विमानतळाच्या गावात काढला तर तो खरंच फुकट जातो का? परतीच्या वेळी आम्ही क्राइस्टचर्चमध्ये अर्धा दिवस पायी फिरलो. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात इथे १८५ माणसं गेली. मोडलेल्या कॅथीड्रलच्या जागी सोय म्हणून शिगेरू बान या जपानी वास्तुरचनाकारानं पुठ्ठ्याच्या जाड नळ्या वापरून उभारलेलं चर्च २०१३ मध्ये उघडलं. ते पाहिलं, मग एव्हन नदीच्या काठानं बागेत जाऊन पडलो. हे सगळं पहिल्या दिवशी झोपाळलेल्या पायांनीही झालं असतं. पाय चुकले तर फार तर ठेच लागते.

जेराल्डिनहून सकाळी ताजेतवाने निघालो आणि बर्क्स पास ओलांडून दहाच्या सुमारास टेकापोला पोचलो. हिमनद्यांनी खडक दळून केलेल्या पिठामुळे त्या पाण्याला दुधाळ निळा रंग येतो. काठावर १९३५ सालचं छोटं दगडी चर्च. आम्ही चौघं तिथे दोन तास नुसते बसलो. सारथी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काल तुला कळलं होतं ना, मला झोप येतेय ते?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. भीड, दुसरं काय! पण इतकं नक्की ठरवलंय, यापुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही, आणि 'थांब' म्हणायचा पहिला हक्क त्याचा. त्यावर कुणी रुसायचं नाही. दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे मुकाट्यानं भरायचे. आणि पहिली रात्र विमानतळाच्या गावात, मग एक्सेलराव काहीही म्हणोत.

तर आत्या, मिलफर्ड साउंड नाही 'केलं'. चौघं गेलो होतो, चौघं परत आलो. माझ्या मते पैसे वसूल!